अप्पांचा रुसवा आणि धमनीचं वळण

९ नोव्हेंबर

दर दिवाळीनंतर मी रोजनिशी सुरू करते आणि फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत ती बंद पडते. यंदा मात्र लिहायला कारण आहे. आज घरच्या पुढच्या खोलीत माझी प्रयोगशाळा थाटली. प्रयोगशाळा म्हणजे एक जुनं टेबल, त्यावर मेंदूतल्या धमन्यांची पारदर्शक रबरी प्रतिकृती आणि तिच्यातून लाल पाणी फिरवायला सोलापूरच्या सात रस्ता चौकातून आणलेला माशांच्या टाकीचा पंप.

माझं काम या धमन्यांचंच. कुणाच्या धमनीची भिंत एका जागी पातळ होते आणि तिथे फुगा धरतो, सायकलच्या ट्यूबला धरतो तसा. तो फुटला तर माणूस हातचा जातो. म्हणून फुटायच्या आत मांडीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्याच्या तोंडाशी, धमनीच्या आतून, तारांची विणलेली एक जाळी उघडायची. रक्त जाळीतून सरळ पुढे जातं आणि फुगा हळूहळू सुकतो. सरळ धमनीत हे छान जमतं. वळणावर जाळी नीट उघडत नाही, भिंतीला बिलगत नाही, आणि तिथेच घोडं पेंड खातं. वळणावर जाळी कशी उघडावी याची युक्ती शोधून डिसेंबरात हैदराबादच्या परिषदेत दाखवायचा माझा बेत आहे. नाव तर देऊन बसले आहे.

खोली खरं म्हणजे अप्पांची. सिद्धेश्वराच्या यात्रेत जे उंच, जड नंदीध्वज निघतात, त्यातला एक अप्पांनी उमेदीत वर्षानुवर्षं कमरेच्या पट्ट्यावर तोलला. आता ते नव्या पोरांना शिकवतात. त्यांचा पट्टा, बाराबंदी, फेटे, चहाला येणारी शिष्यमंडळी, सगळं या खोलीत असायचं. ते मी माडीवर हलवलं. आधी विचारलं होतं. ते "हं" म्हणाले होते.

११ नोव्हेंबर

अप्पा रुसले. आमच्या घराण्यात रुसवा तोंडाने सांगत नाहीत, मानेने सांगतात. आजोबा आजीवर रुसले की आठवडाभर भिंतीकडे तोंड करून जेवायचे, आणि आजी तेवढे दिवस भिंतीलाच विचारायची की भाजीत मीठ बरोबर आहे का. आज जेवताना अप्पांनी तेच केलं. मी नेहमी त्यांच्या उजव्या हाताला बसते. त्यांनी तोंड फिरवलं डावीकडे, फ्रिजच्या दिशेला, आणि माझ्याकडे बघितलं ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून. मी खोलीचा विषय काढला तर म्हणाले, खोलीचं काय घेऊन बसलीस, आमटी वाढ.

मीही त्यांचीच मुलगी. आमटी वाढली आणि खोलीचा विषय सोडला. रुसवा आपोआप उतरतो, काढायला गेलं की चढतो.

१६ नोव्हेंबर

राजस आला होता. डॉक्टर राजस पुण्याचा, माझ्याच विषयातला, दर गुरुवारी आमच्या रुग्णालयात ऑपरेशनं करायला येतो. आज रविवार असून आला. म्हणाला, प्रतिकृती बघायची होती. बघितली पाच मिनिटं आणि मग दोन तास स्वयंपाकाला येणाऱ्या नागम्माच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसला. पुण्यात शेंगाचटणी मिळत नसावी.

आमचं जुनं भांडण आज पुन्हा झालं. जाळी नळीच्या आत मिटलेली असते. राजस नळी मागे ओढतो म्हणजे जाळी मोकळी होते. तो हाडाचा ओढणारा. माझं म्हणणं, वळणावर ओढलंस की जाळीही ताणली जाते आणि इस्त्री केलेल्या नाडीसारखी चपटी होते. मी म्हणते, नळी जागेवर धरून जाळी आतून पुढे ढकलावी. राजस म्हणतो, ढकलताना जोर जास्त झाला तर धमनीला इजा होईल, त्याला जबाबदार कोण. कंपनीने दिलेल्या, मुदत संपलेल्या नमुन्याच्या जाळीवर दोघांनी हात चालवून बघितले. त्याची चपटी झाली. माझी उघडली, पण नको तिथे. सामना बरोबरीत सुटला असं त्याचं मत आहे.

जाताना त्याने अप्पांना वाकून नमस्कार केला. अप्पांनी त्याच्याकडेसुद्धा तिरकंच बघितलं. मला बरं वाटलं, म्हणजे रुसवा सगळ्या डॉक्टर जातीवर आहे.

२० नोव्हेंबर

नागम्मा नुसता स्वयंपाक करत नाही, बातम्याही तीच पुरवते. आजची बातमी अशी की अप्पा चहा बशीत ओतायला जातात आणि तो टेबलावर पडतो. "बगून वतत न्हाईत, ताई. राग दुसरा काय," असा तिचा निष्कर्ष. मीही मान हलवली. रागाने माणूस चहा सांडतोच.

संध्याकाळी श्रीशैल भेटला. यंदा नंदीध्वज तोलायचा मान अप्पांनी याला दिलाय. बिचारा वैतागला होता. ध्वजाची काठी सरळ उभी असली तरी अप्पा म्हणतात वाकडी आहे, सगळ्यांसमोर ओरडतात, आणि मग डोळ्यावर हात ठेवून बसतात. मी त्याला सांगितलं की माझ्यावरचा राग तुझ्यावर निघतोय, यात्रेपर्यंत सोस. रात्री अप्पांनी कपाळाच्या डाव्या बाजूला बाम चोळला. दिवसभर ओरडल्यावर कपाळ दुखणारच. मी म्हटलं, अप्पा, जरा कमी ओरडा. ते म्हणाले, "सुम्मनिरू." कानडीत गप बस म्हणायला याहून प्रेमळ शब्द नाही.

२४ नोव्हेंबर

आज माझी जाळी थेट फुग्यात पडली. प्रतिकृतीतल्या, देवाची कृपा. कारण सापडलं ते इतकं साधं होतं की स्वतःचीच लाज वाटली. जाळी रुंद उघडली की आखूड होते. स्वेटर आडवा ताणला की उभा आखूड होतो, तसंच. मी मिटलेल्या जाळीची लांबी धरून चालले होते. आता आधी हिशोब धमनीच्या रुंदीचा, मग जाळीच्या लांबीचा.

दुसरी गोष्ट, नळी वळणाच्या भिंतीला टेकलेली असते. ती आधी किंचित सैल करून धमनीच्या मधोमध आणायची आणि मगच ढकलायला सुरुवात करायची. चपटी वाटली तर परत थोडी आत घ्यायची, लाजायचं नाही. लाजणारा डॉक्टर वळणावर हमखास मार खातो. राजसला फोनवर सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, गुरुवारी नाही, उद्याच येतो. एवढा अभ्यासू माणूस मी पाहिला नाही.

२९ नोव्हेंबर

जमलं. एकदा नाही, जितक्या वेळा केलं तितक्या वेळा जमलं. वळणाच्या आतल्या बाजूलाही जाळी अशी बिलगली की लाल पाणी फुग्यात शिरेनासं झालं. मी खोलीतच दोन उड्या मारल्या.

आवाज ऐकून अप्पा आले. पहिल्यांदाच टेबलाजवळ येऊन उभे राहिले, मान वाकडी ठेवूनच, पण आले. मी म्हटलं, हा बघा फुगा, कसा बंद झाला. ते बघत राहिले आणि म्हणाले, "एक म्हनतीस, मला तर दोन दिसतात की." मी खूप हसले. इतक्या दिवसांनी अप्पांनी थट्टा केली. मी म्हटलं, दोन तर दोन, दोन्ही बुजवते. तेही हसले आणि म्हणाले, "तुजं हैद्राबाद झालं म्हंजे झालं."

रुसवा उतरला. उद्या सरावाला त्यांच्याबरोबर जाणार आहे. लहानपणी खांद्यावर बसून जायची, त्यानंतर कधी गेलेच नाही.

३० नोव्हेंबर

सरावावरून आल्याआल्या लिहायला बसले आहे.

सरावाच्या मैदानावर श्रीशैलने काठी उचलली. इतकी सुरेख उचलली की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. मी अप्पांकडे बघितलं. ते कट्ट्यावर बसले होते, काठी बरोबर समोर होती, आणि त्यांनी तोंड डावीकडे फिरवलेलं होतं. काठीकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते, जेवताना माझ्याकडे बघतात अगदी तसे.

अप्पा माझ्यावर रुसतील. राजसवर, श्रीशैलवर, चहाच्या बशीवरही रुसतील. नंदीध्वजावर ते रुसणार नाहीत.

मी समोर जाऊन उकिडवी बसले आणि म्हटलं, मान सरळ ठेवा आणि माझ्या बोटाकडे बघा. बोट त्यांच्या डावीकडे नेलं. उजवा डोळा आला. डावा मध्येच थांबला. विद्यार्थ्यांना मी हे वर्गात शिकवते. डाव्या डोळ्याला बाहेर वळवणारी नस दबली की माणसाला एकाचे दोन दिसतात, आणि ते टाळायला तो मान डावीकडे वळवून ठेवतो. त्या नसेच्या शेजारून मेंदूची मोठी धमनी वळण घेते. वीस दिवस माझे वडील माझ्यासमोर बसून हे लक्षण दाखवत होते आणि मी त्यांना आमटी वाढत होते.

कधीपासून, विचारलं. म्हणाले, दसऱ्याच्या नंतर कधीतरी. मग बोलला का नाहीत? "तुजं हैद्राबाद झालं की सांगनार हुतो. मधी कशाला घोर."

१ डिसेंबर

तपासणी झाली. डाव्या बाजूला, डोळ्याच्या मागे, वळणावर बोराएवढा फुगा आहे. माझ्या टेबलावरच्या रबरी धमनीत जिथे मी महिनाभर खेळले, जवळजवळ तिथेच.

खरं तेच इथे लिहिते. या जागचा फुगा फुटायची भीती इतर जागांपेक्षा कमी असते. पण हा मोठा आहे, वाढतो आहे, नस दाबतो आहे. सोडून दिला तर डोळा जाईल, आणखीही काही होऊ शकेल. जाळी टाकताना चूक झाली तर अर्धांग होऊ शकतं किंवा माणूस टेबलावरून उठतच नाही. रुग्णांच्या नातेवाइकांना मी हे रोज सांगते, पाण्याचा घोट घेत, शांत आवाजात. आज स्वतःला सांगताना मला ते वाक्य पुरं करता आलं नाही.

३ डिसेंबर

घरात भांडण. अप्पांचं म्हणणं, यात्रा होऊ दे, मग काय करायचं ते कर. माझं म्हणणं, यात्रा दर वर्षी येते, बाप येत नाही. मग मी म्हटलं की जाळी मीच टाकणार, वळणावरची युक्ती माझी आहे, हातही माझाच बसलाय.

राजस तिथेच होता. सोमवारपासून तो सोलापुरातच आहे, पुण्यातली कामं पुढे ढकलली म्हणाला. मला अडवलं ते अप्पांनीच. "न्हाय. ह्यानं टाकायची. तू टाकशील, मला म्हाईत हाय. पर मदीच तुजं डोळं भरलं तर? भरल्या डोळ्यानं एकाचं दोन दिसतंय, दानू. म्या बगतोय की महिना झाला."

राजसला म्हटलं, तू हाडाचा ओढणारा आहेस. तो म्हणाला, शिकव मग. रक्त पातळ करायच्या गोळ्या अप्पांना आजपासून चालू झाल्या. त्या अंगात मुरेपर्यंत आम्ही दोघे पुढच्या खोलीत आहोत. हैदराबादला कळवून टाकलं की मी येत नाही. कळवताना काहीच वाटलं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

६ डिसेंबर

राजस चांगला विद्यार्थी आहे. ढकलताना बोटांना अडथळा जाणवला की आपोआप थांबतो, मला ते शिकवावंच लागलं नाही. मी घाई करते, तो करत नाही. हे मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

अप्पा दारात खुर्ची टाकून आमची तालीम बघतात. मान वाकडी ठेवायचं त्यांना आता काही वाटत नाही. आज राजसला विचारत होते, पुण्यात घर कितव्या मजल्यावर आहे, सोलापूरचं ऊन सोसतं का, घरी कोण कोण असतं. रुग्णाने डॉक्टरची एवढी चौकशी केलेली मी प्रथमच पाहिली. भीती वाटत असेल, म्हणून बोलत असतील.

८ डिसेंबर

झालं. अप्पा शुद्धीवर आहेत. दोन्ही हात हलतात, दोन्ही पाय हलतात, नाव सांगतात, माझं नाव सांगतात. बाकी उद्या लिहीन.

९ डिसेंबर

मी काचेच्या या बाजूला होते. आत जायचं नाही हे मीच कबूल केलं होतं. नळी वर गेली, वळणावर पोचली, जाळीचं टोक छान उघडलं आणि वळणाच्या मध्यावर, जिथे उघडायला हवी, तिथे पडद्यावर मला ती इस्त्री केलेली नाडी दिसली. चपटी. ओढली तर तशीच राहिली असती, आणि चपट्या जाळीत रक्त साकळलं की काय होतं ते मला माहीत आहे. बोलायचा माइक माझ्यासमोरच होता. मी त्याला हात लावला नाही. सिद्धेश्वराचं नाव घेतलं असेन, आठवत नाही.

राजस थांबला. जाळी थोडी परत नळीत घेतली. नळी सैल केली, मधोमध आणली. मग ढकलली, अगदी सावकाश, इतकी सावकाश की मी असते तर एवढा वेळ काढला नसता. जाळी उमलत गेली आणि वळणाच्या आतल्या भिंतीला बिलगली. पडद्यावर रक्ताची वाट दाखवणारं औषध सोडून बघितलं तेव्हा फुग्यात ते नुसतं रेंगाळलं, आधीसारखं उसळून गेलं नाही. मी खाली बसले आणि रडले. परिचारिकेने पाणी आणून दिलं.

बाहेर आल्यावर राजस म्हणाला, "काचेत तुझा हात दिसला. टेबलाची कड ढकलत होतीस." मी म्हटलं, तू पडद्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे काय बघत होतास? तो म्हणाला, जाळी परत आत घेतल्यावर क्षणभर मान वर केली, तेवढंच. मी त्याला बजावलं की पुन्हा असं करायचं नाही, लक्ष कामात हवं. तो हो म्हणाला आणि उगाच हसत राहिला. थकवा असावा.

२५ डिसेंबर

अप्पा घरी येऊन बरेच दिवस झाले. डोकं दुखायचं थांबलं. दोन दिसणं अजून आहे. नस सावरायला महिने लागतात, कधी पूर्ण सावरतही नाही, हे त्यांना मी स्पष्ट सांगितलंय. सध्या डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून फिरतात. नागम्मा त्यांना दरोडेखोर म्हणते. ते खूश असतात.

यात्रेत काठीला हात लावायचा नाही, गर्दीत शिरायचं नाही, गोळ्यांमुळे साधा धक्का लागला तरी रक्त थांबायचं नाही. यावर ते रुसतील असं वाटलं होतं. रुसले नाहीत. मला आता रुसव्यातलं काही कळत नाही, असं मी मनाशी कबूल केलंय.

हैदराबादवाल्यांनी पुढल्या परिषदेला बोलावलंय. राजस म्हणतो, दोघांनी मिळून जाऊ, तू ढकलण्यावर बोल, मी थांबण्यावर बोलतो. विषय चांगला आहे.

१३ जानेवारी

यात्रेचा पहिला दिवस. अप्पांना मी रस्त्याच्या कडेला एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर, सावलीत, खुर्चीवर बसवलं. राजस पुण्याहून आला होता, रुग्णाची प्रकृती बघायला. सकाळी माडीवरून खाली उतरला तो पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत. अप्पांची बाराबंदी, त्यांनी स्वतः पेटीतून काढून दिलेली. ती अप्पा आजवर कुणालाही देत नव्हते, श्रीशैललाही दिली नाही. मी विचारलं, याला का? अप्पा म्हणाले, "त्याला बसतीया म्हनून." खांद्यात तर सरळ सरळ ढगळ होत होती.

नंदीध्वज येऊ लागले तसा जयजयकार जवळ आला. आपला आला तेव्हा अप्पा खुर्चीवरून उठले. मी दंड धरला, दुसऱ्या बाजूने राजसने धरला. श्रीशैलच्या कपाळावर घाम होता, पण पाऊल ठरल्या तालावर पडत होतं. अप्पांनी डोळ्यावरची पट्टी वर सरकवली. मी म्हणणार होते की असू दे, त्रास होईल. पण दंडच जरा घट्ट धरला.

त्यांनी मान फिरवली नाही. मान सरळ ठेवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून ते बघत राहिले. काठी पुढून गेली, वळणावर पोचली, सावकाश वळली आणि दिसेनाशी झाली. मी विचारलं, अप्पा, किती दिसले?

"अजून दोनच दिसतात," अप्पा म्हणाले. मग पट्टी खाली ओढत म्हणाले, "पर दोन्ही सरळ हायत."